टोयोटा फॉर्च्युनरची डिझेल इंजिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी जुनी गाडी बघून आलेला असतो, कोणाच्या डॅशबोर्डवर नको तो दिवा लागलेला असतो, तर कोणाला गॅरेजवाल्याने सांगितलेल्या खर्चाने धडकी भरलेली असते. प्रश्न मात्र फिरून तेच येतात. म्हणून भारतात विकल्या गेलेल्या फॉर्च्युनरच्या डिझेल इंजिनांबद्दलची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या गाडीत नक्की कोणतं इंजिन आहे, हे कसं ओळखू?

आरसी बुकावर सीसीचा आकडा बघा. २९८२ असेल तर ३.० लिटरचं १केडी-एफटीव्ही. २७५५ असेल तर २.८ लिटरचं १जीडी-एफटीव्ही. २४९४ म्हणजे पहिल्या पिढीत शेवटी शेवटी आलेलं २.५ लिटरचं २केडी. आणि २६९४ दिसलं तर ती गाडी पेट्रोलवर चालते, तेव्हा पुढचं वाचायची गरज नाही. लांबूनही अंदाज येतो. बोनेटवर हवा ओढणारं तोंड असेल तर गाडी पहिल्या पिढीची. २०१६च्या शेवटी आलेल्या नव्या फॉर्च्युनरचं बोनेट सपाट आहे.

२. दोन्ही इंजिनांचे आकडे एका ठिकाणी सांगाल का?

३.० लिटर भारतात २००९मध्ये आलं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ९६ आणि स्ट्रोक १०३ मिलिमीटर. ताकद ३६०० आरपीएमला १७१ पीएस आणि टॉर्क १४०० ते ३४०० आरपीएममध्ये ३४३ न्यूटन मीटर. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं.

२.८ लिटर नोव्हेंबर २०१६पासून. बोअर ९२, स्ट्रोक १०३.६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन १५.६ला १. सुरुवातीला १७७ पीएस होते. टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ४५० न्यूटन मीटर. जानेवारी २०२१मध्ये चेहरा बदलला तेव्हा ताकद २०४ पीएस झाली. मॅन्युअलचा टॉर्क ४२०वरच राहिला, ऑटोमॅटिकचा ५०० झाला. २०२५मध्ये आलेल्या ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्येही मूळ इंजिन हेच आहे.

३. इंजिन लहान केलं तरी ताकद वाढली. हे कसं?

फरक आहे तो ज्वलनाच्या खोलीत. जुन्या ३.०चं कॉम्प्रेशन १७.९ होतं, नव्याचं बरंच कमी आहे. टर्बोचं टर्बाइन (जळक्या वायूने फिरणारं चक्र) आधीपेक्षा ३० टक्क्यांनी लहान आहे, त्यामुळे ते लवकर फिरायला लागतं आणि खालच्या आरपीएमलाच ओढ मिळते. पिस्टनच्या माथ्यावर सच्छिद्र ॲल्युमिनाचा थर दिला आहे आणि त्याला सिलिकाने बळकटी आणली आहे. हा थर चटकन तापतो आणि चटकन थंडही होतो, म्हणून ज्वलनाची उष्णता पिस्टनमधून कमी वाया जाते. २०१५मध्ये हे इंजिन जाहीर करताना टोयोटाने त्याची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४४ टक्के सांगितली होती. डिझेलसाठी हा आकडा खरोखर चांगला आहे. पण तो इंजिनाच्या सर्वांत अनुकूल बिंदूवरचा आहे. गर्दीतल्या ॲव्हरेजशी त्याची सांगड घालायला जाऊ नका.

४. मॅन्युअलला टॉर्क कमी का? मॅन्युअलवाल्यांवर अन्याय आहे का?

इंजिन तेच आहे. गिअरबॉक्स आणि क्लच किती सोसतील ते बघून ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) टॉर्कला लगाम घातला जातो. मॅन्युअलचा टॉर्क रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, वाढवता येतो का, असं पुढे लगेच विचारलं जातं. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

५. इनोव्हा क्रिस्टाच्या २.८ ऑटोमॅटिकमध्ये हेच इंजिन होतं ना?

हो, बीएस-४ या प्रदूषण निकषांच्या काळात होतं, पण मवाळ करून: १७४ पीएस आणि ३६० न्यूटन मीटर. मॅन्युअल क्रिस्टामध्ये मात्र २३९३ सीसीचं २जीडी आहे. दोघांचा बोअर सारखाच ९२, पण २जीडीचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. त्यामुळे सुटे भाग घेताना 'क्रिस्टाचा दे' एवढं सांगून भागत नाही, सीसी सांगा.

६. टायमिंग बेल्ट आहे की चेन? बेल्ट कधी बदलायचा?

३.० आणि २.५ला बेल्ट, २.८ला चेन. बेल्टची मुदत बाजारपेठेप्रमाणे कुठे १ लाख तर कुठे १.५ लाख किलोमीटर दिलेली आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तीच खरी. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचं काम निघतं.

मुदत भरली की डॅशबोर्डवर 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. जुनी गाडी घेताना हा दिवा बंद दिसला म्हणून खूश होऊ नका. बेल्टला हात न लावताही मीटरच्या बटणाने तो रीसेट करता येतो. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरून किंमत ठरवा आणि गाडी घरी आली की पहिलं ते काम करून घ्या.

७. ३.०मध्ये 'इंजेक्टर सील'चा एवढा बाऊ का करतात?

बाऊ नाही. या इंजिनाचं खरं दुखणं हेच आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही म्हणून महाग पडतं.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरच्या टोकाशी तांब्याचं एक वॉशर असतं. सिलिंडरमधला दाब वर येऊ नये म्हणून ते बसवलेलं असतं. वॉशर सैल पडलं किंवा ते बसायची जागा खराब झाली, की प्रत्येक स्फोटाला थोडा जळका वायू बाजूने वर निसटतो. पुष्कळ इंजिनांत असा वायू बाहेर येतो, फुसफुस आवाज करतो, इंजेक्टरभोवती काळं करतो आणि मालकाच्या वेळेत लक्षात येतं. या इंजिनात इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) आतून उतरतात, म्हणून निसटलेला वायू थेट ऑइल फिरतं तिथेच शिरतो. बोनेट उघडून बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं.

आत मात्र काजळी ऑइलमध्ये मिसळत राहते. तिच्या कडक खपल्या होतात, त्या वाहत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतात आणि ऑइल पंपाच्या स्ट्रेनरच्या जाळीला चिकटतात. जाळी तुंबली की पंपाला ओढायला पुरेसं ऑइल मिळत नाही. पहिला फटका बहुतेकदा टर्बोला बसतो, मग क्रँकच्या बेअरिंगना. बिलावर 'टर्बो गेला' एवढंच येतं. नवा टर्बो त्याच तुंबलेल्या जाळीवर चालवला तर तोही जातो आणि मालक टर्बोच्या नावाने बोटं मोडत बसतो. टर्बो बदलायची वेळ आली तर आधी चेंबर खोलून जाळी दाखवा म्हणावं.

कंपनीने पुढे सुधारित वॉशर आणले. तरीही इंजेक्टर एकदा काढला की वॉशर नवंच बसलं पाहिजे. जुनं घासून पुन्हा बसवणं ही काटकसर नव्हे.

८. मग गाडी घेण्याआधी हे तपासायचं कसं?

इंजिन गरम असताना आयडलिंगला ऑइलचं झाकण सैल करून बघा. थोडी वाफ येणं चालतं, पण झाकण दाबाने नाचत असेल आणि जळका वास येत असेल तर पुढे तपासायला हवं. झाकणाच्या आतली बाजू बोटाने पुसा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यामुळे नुसत्या काळेपणावर जाऊ नका. बोटाला खरखरीत कण लागतात का ते बघा.

पक्की तपासणी दोन प्रकारे होते. एक, टॅपेट कव्हर काढून इंजेक्टरच्या मुळाशी काळा चिकट थर आहे का ते बघणं. दोन, ऑइल बदलताना चेंबरच्या बोल्टच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालून स्ट्रेनरची जाळी बघणं. दुसरा उपाय स्वस्त, म्हणून आधी तोच. विकणारा नाही म्हणाला, तर त्यातूनही तुम्हाला एक माहिती मिळालीच.

९. ३.०चे पिस्टन फुटतात म्हणे. खरं का?

हो, पिस्टनला तडा गेल्याची उदाहरणं या इंजिनात जगभर झाली आहेत, विशेषतः टोयोटाच्याच हायलक्स आणि प्राडोमध्ये. पण प्रत्येक गाडीत हे होतंच असं नाही. बहुतेक वेळा एखादा इंजेक्टर आधी बिघडलेला असतो. तो प्रमाणाबाहेर किंवा अवेळी डिझेल सोडतो, एकाच सिलिंडरचं तापमान वाढतं आणि शेवटी पिस्टनच्या कडेला तडा जातो.

सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर काही सेकंद येणारी खडखड, गरम झाल्यावरही न जाणारा ठोका, पांढरट धूर, झाकणातून जोराचा दाब: यातलं काही दिसलं तर स्कॅनर लावून चारही इंजेक्टरचे करेक्शनचे आकडे (ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) बघा. एकाचा आकडा बाकी तिघांपासून लांब गेला असेल तर तो इंजेक्टर काढून बेंचवर तपासा, आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशनही. इंजेक्टर वेळेत बदलला तर पिस्टन वाचतो. 'अजून चालतेय ना' म्हणत ओढलं की इंजिन काम ठरलेलं.

१०. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतंय. ऑइल वाढेल कसं?

ऑइल वाढत नाही, त्यात डिझेल मिसळतं. ३.०मध्ये टॅपेट कव्हरखालची रिटर्न लाइन किंवा इंजेक्टर गळका असू शकतो. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना सांभाळू शकत नाही, म्हणून पातळी खुणेच्या वर गेली असेल तर गाडी चालवत राहू नका. डिपस्टिक नाकाशी नेली तर डिझेलचा वास ओळखता येतो. कूलंट कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर ते पाणी आहे आणि दुखणं वेगळं आहे.

११. आयडलिंगला आरपीएम वर-खाली होतो, मध्येच पिकअप जातो. इंजिन गेलं का?

घाबरू नका, आधी डिझेल फिल्टर बदला आणि खालच्या नळीतून साठलेलं पाणी काढा. एवढ्यानेही पुष्कळ गाड्या सुधारतात. नाहीच सुधारली तर हायप्रेशर पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह बघा. पंपात किती डिझेल जायचं ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. घाणीने तो अडकायला लागला की रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब स्थिर राहत नाही, गाडी हंटिंग करते म्हणजे आरपीएम वर-खाली होतो, कधी चढावर एकदम दम टाकते. ३.०मध्ये स्कॅनरवर 'पी १२२९' आला तर संशय आधी याच्यावर घ्या. व्हॉल्व्ह वेगळा मिळतो. त्यासाठी आख्खा पंप बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारा.

१२. ऑइल कोणतं आणि किती?

३.०ला फिल्टरसकट साधारण ७ लिटर, २.८ला साधारण ७.५. डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी, प्रश्न १३) असलेल्या गाडीत कमी राखेचं ऑइल लागतं. डब्यावर डीएल-१ किंवा सी२ असा दर्जा लिहिलेला असतो, तो पुस्तिकेशी ताडून घ्या. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते, आणि काजळीसारखी ती जाळून जात नाही. डीपीएफ नसलेल्या जुन्या ३.०ला महागड्या ऑइलपेक्षा वेळेवर बदललेलं ऑइल जास्त उपयोगी पडतं.

१३. डीपीएफचा दिवा लागलाय. काय करू?

आधी तुमच्या गाडीत डीपीएफ आहे ना, ते बघा. भारतात एप्रिल २०२०पासून बीएस-६ सक्तीचं झालं, त्यानंतरच्या फॉर्च्युनरमध्ये तो आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी आपणहून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. यालाच रीजनरेशन म्हणतात.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ही प्रक्रिया अर्धवट राहते. दिवा लागला तर इंजिन बंद न करता मोकळ्या रस्त्यावर वीस-तीस मिनिटं एका लयीत चालवा. गाडीला ही प्रक्रिया हाताने सुरू करायचं बटण असेल तर पुस्तिकेप्रमाणे उभ्या गाडीत ते वापरा, मात्र खाली वाळलेलं गवत किंवा पाचोळा नको. दिवा लुकलुकायला लागला आणि गाडीने ताकद कमी केली, तर वर्कशॉप गाठा.

१४. मी रोज हायवेलाच चालवतो. म्हणजे मला डीपीएफची चिंता नाही ना?

सहसा नाही. पण याच २.८ इंजिनाच्या बाबतीत एक मोठा अपवाद ऑस्ट्रेलियात घडला आहे. तिथे ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर मिळून २,६४,१७० गाड्यांबाबत सामूहिक दावा झाला. फेडरल कोर्टाने एप्रिल २०२२मध्ये त्या सदोष ठरवल्या. दोष होता तो नेमका सतत सुमारे १०० किलोमीटरच्या वेगाने चालवण्यात. अशा वेळी डीपीएफची यंत्रणा नीट काम करत नव्हती.

त्या गाड्यांत काजळी जाळण्यासाठी एक जादा इंजेक्टर थेट एक्झॉस्टमध्ये डिझेल फवारतो. ते डिझेल पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये (एक्झॉस्टमधलं डिझेल जाळणाऱ्या भागात) पेटून त्याने उष्णता द्यायला हवी. कॅटॅलिस्टच्या तोंडावरच थर साठला की डिझेल नीट जळत नाही, मागून दाट पांढरा धूर निघतो आणि डीपीएफ साफ होत नाही.

त्यामुळे तुमच्या गाडीत हायवेवरही रीजनरेशन वारंवार होत असेल, पांढरा धूर दिसत असेल आणि ॲव्हरेज पडलं असेल, तर 'अजून थोडी ताणून चालवा' हा सल्ला उपयोगाचा नाही. कॅटॅलिस्ट आणि तो इंजेक्टर तपासायला सांगा.

१५. डीपीएफ-ईजीआर काढून रीमॅप मारला तर कटकटच मिटेल ना?

आमचं उत्तर: नका करू. प्रदूषणाची यंत्रणा काढणं हा बेकायदा बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४)प्रमाणे बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. कायदा बाजूला ठेवला तरी रीमॅपने वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो (प्रश्न ४). ज्या ३.०चे इंजेक्टर आधीच थकले आहेत, तिच्यात जादा डिझेल ओतणं म्हणजे प्रश्न ९ला घरी बोलावणं.

ईजीआर, म्हणजे थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा, तुंबतो, हे मात्र खरं. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये काळं कीट बसतं. ते काढून साफ करता येतं, पूर्ण कायदेशीरपणे.

१६. कच्च्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागे चालवताना इंजिनाने ताकद सोडली. का?

२.८मध्ये बारीक धूळ एअर फिल्टर ओलांडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसल्याच्या तक्रारी ऑस्ट्रेलियात बऱ्याच झाल्या. सेन्सर चुकीचं वाचतो आणि ईसीयू ताकद कापतो. फिल्टर उघडून त्याच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवा. तिथे पावडरसारखी धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा कमी दर्जाचा आहे. सेन्सर त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच साफ करावा, कापडाने पुसू नये.

१७. २०२४मध्ये टोयोटाच्या डिझेलच्या चाचणीत गडबड झाली होती. माझ्या गाडीची ताकद खोटी आहे का?

नाही. २९ जानेवारी २०२४ला जाहीर झालेलं प्रकरण टोयोटा इंडस्ट्रीज या कंपनीचं होतं आणि त्यात १जीडी व २जीडी दोन्ही होती. अश्वशक्तीच्या प्रमाणन चाचणीत प्रत्यक्ष गाड्यांमधल्यापेक्षा वेगळं ईसीयू सॉफ्टवेअर वापरून आकडे अधिक सरळ, कमी चढउताराचे दाखवले गेले. उत्पादनातली इंजिनं पुन्हा तपासली असता ती निकषांत बसतात आणि गाड्यांचा वापर थांबवायची गरज नाही, असं टोयोटाने सांगितलं. भारतात फॉर्च्युनर, क्रिस्टा आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाली. प्रकार लाजिरवाणा होता यात शंका नाही, पण तुमच्या गाडीच्या टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही.

१८. पाण्यातून किती खोल नेता येते? इंजिनात पाणी गेलं तर?

७०० मिलिमीटरचा आकडा दिला जातो, पण तो संथ पाण्यात हळू चालवण्यासाठी आहे. समोरून ट्रक आला की लाट बोनेटच्या वर येते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या आणि इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून सिलिंडर मोकळे करूनच फिरवा. पाण्यातून नेऊन मग सेल्फ मारल्यामुळे झालेलं नुकसान साध्या विम्यात बहुतेकदा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम लागतं.

१९. डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे. त्यातला युरिया चुकून डिझेलच्या टाकीत ओतला गेला तर?

निळं झाकण फक्त डीईएफसाठी असतं. डीईएफ म्हणजे एक्झॉस्टचं प्रदूषण कमी करणारा द्राव: ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. सगळ्या फॉर्च्युनरना ते नसतं. तुमच्या गाडीला नसेल तर पंपावरच्या कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नका.

डिझेलच्या टाकीत डीईएफ पडला असेल तर किल्ली 'ऑन'सुद्धा करू नका. टाकीतला पंप चालू झाला तर मिश्रण लाइनमध्ये पुढे जातं. गाडी जागेवरून टो करा आणि टाकी उतरवून धुवायला सांगा. इंजिन चालू झालं असेल तर फिल्टर, हायप्रेशर पंप, रेल आणि इंजेक्टर सगळं तपासावं लागतं. डीईएफ सुकला की स्फटिक होतात आणि ते केवळ नवं डिझेल भरून धुतले जात नाहीत. उलट चूक, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल, झाली तरी नियम तोच: चालू करायची नाही. तिथे टाकीचं आणि फवारणीच्या पंपाचं रबर फुगून यंत्रणा निकामी होऊ शकते.